पडद्यावरचा पिवळा

पत्नीचा आजार डॉक्टरांच्या आधी माझ्या मॉनिटरवर दिसला. मी तो मॉनिटरचा दोष समजलो. झाले ते क्रमाने लिहितो.

नाशिकमधला माझा फोटो स्टुडिओ बंद केल्यानंतरही मी घरी थोडे काम करीत असे. जुने फोटो दुरुस्त करणे, आणि हंगामात पिंपळगावच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याच्या खोक्यांसाठी चित्रे तयार करणे. जुना मॉनिटर वापरून वापरून पिवळा पडला होता. त्यावर सारेच पिवळट दिसे, म्हणून मी प्रत्येक चित्रातला पिवळा कमी करीत गेलो. छापून आले तेव्हा घड निळसर होते. व्यापाऱ्याचा फोन आला.

"काका, द्राक्षं हायेत का गारठलेली पोरं? पार निळी पडली. दुबईवाला म्हणंल, आधी यांना स्वेटर घाला."

तो हसला. मी हसलो नाही. त्याच आठवड्यात नवा मॉनिटर मागवला, आणि सोबत पडद्याचे रंग मोजणारे छोटे यंत्र.

पत्नीला तेव्हा बरे नव्हते. भूक गेली होती, अंगाला खाज सुटे, दुपारी न सांगता ती आडवी होई. खाजेचे कारण तिने नव्या साबणाला दिले, भुकेचे उन्हाला. डॉक्टरांकडे चल, असे मी एकदोनदा म्हणालो. तिने टाळले. मीही विषय वाढवला नाही.

मॉनिटर आला. खिडकीचा उजेड त्यावर पडणार नाही अशा बेताने टेबल फिरवले, पडदे ओढले, भिंतीवरचे रंगीत कॅलेंडर उतरवले. मॉनिटर काही वेळ नुसता चालू ठेवला, कारण तापल्याशिवाय त्याचे रंग स्थिर होत नाहीत. मग यंत्र वायरीने मॉनिटरच्या पडद्यावर मधोमध टांगले. त्याच्याखाली एकामागून एक रंगांचे चौकोन येऊ लागले आणि यंत्र ते मोजू लागले. पत्नी चहा घेऊन आली.

"ताप बघताय का त्याचा?"

"रंग मोजतो आहे."

"नशीबवान आहे हो. माझ्या कपाळाला कधी हात लावून बघितलात असा?"

मी चहा घेतला. यंत्राचे काम पूर्ण झाले होते.

आमच्या घरी एक रीत होती. नवी फिल्म आली, नवे रसायन आले, नवा दिवा आला, तर पहिली चाचणी पत्नीवर. ती करड्या रंगाचे कार्ड हातात धरून बसे. त्या कार्डात कोणत्याही रंगाची झाक नसते. ते पडद्यावर करडेच दिसले, तर बाकीचे रंगही बरोबर आहेत असे मानायचे. त्या दिवशी मी हाक मारण्याआधीच ती उत्तरेच्या गॅलरीत खुर्ची ओढून बसली. अंगावर पांढरी सुती साडी होती.

"ह्यातला एखादा बरा निघाला तर पुण्याच्या आपल्या पोरीला पाठवा. फोटो मागते सारखी."

फोटो पडद्यावर घेतला. कार्ड करडे होते, साडी पांढरी होती, मागची भिंतही पांढरी होती. चेहरा मात्र पिवळा होता, आणि डोळ्यांचे पांढरे त्याहून पिवळे. मला राग आला. इतके पैसे घालूनही तोच रोग, असे मी मनात म्हटले. यंत्र पुन्हा टांगले, सगळी मोजणी पुन्हा केली. फरक पडला नाही. मग हाताने निळा वाढवला. डोळे पांढरे झाले आणि भिंत निळी पडली. भिंत पांढरी केली की डोळे पुन्हा पिवळे.

तेव्हा मी मॉनिटर सोडून उठलो आणि स्वयंपाकघरात गेलो. ती कोथिंबीर निवडत होती. तिला गॅलरीत आणले, उजेडाकडे तोंड करायला सांगितले आणि डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली.

"काय बघताय? नवीन काही आलंय का तिथे?"

"उद्या सकाळी डॉक्टरांकडे जायचे."

 ती माझ्यामागून मॉनिटरपर्यंत आली आणि स्वतःचा फोटो बराच वेळ न्याहाळला.

"हे काढता येतं ना तुम्हाला?"

"येते."

"मग काढा आणि पाठवा. असा बघितला तर लेकरू तसंच गाडी काढून येईल. परीक्षा चालू आहेत नातवाच्या."

मी खुर्चीवर बसलो. दोन्ही डोळे आखून घेतले, त्यांतला पिवळा उतरवला, गालांचा त्याहून सावकाश उतरवला. जिवणीजवळची थकलेली सावली मी ठेवणार होतो; तीही तिने काढायला लावली. काम स्वच्छ झाले. मुलीचे उत्तर लगेच आले. आई किती छान दिसते, आणि नवा मॉनिटर झकास आहे, असे तिने लिहिले होते.

डॉक्टरांनी पापणी ओढून पाहिली आणि पुढच्या तपासण्या लिहून दिल्या. स्वादुपिंडात गाठ होती. शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. मुलीला आम्ही तपासण्यांचे निकाल आल्यावर कळवले. ती आली, राहिली, आईचे सगळे तिने केले. पुढच्या हंगामाची द्राक्षे बाजारात येण्याआधी पत्नी गेली.

भिंतीवर लावण्यासाठी मुलीने तोच फोटो निवडला. मी मोठा करून दिला. पुण्यात तिच्या घरी तो टांगताना ती स्टुलावर उभी होती आणि मी खाली खिळे घेऊन.

"बाबा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," ती म्हणाली. "हा फोटो बघा ना. त्या दिवशी आई चांगली होती. डोळे बघा तिचे, किती स्वच्छ आहेत. कावीळ नंतर एकदम चढली. आधी कुणाला कळणार होतं?"

मी "हो" म्हणालो.

फ्रेम सरळ आहे का, असे तिने विचारले. उजवी बाजू किंचित खाली होती. तेवढे मी तिला सांगितले.