नकाशाच्या कोपऱ्यातलं टेकाड

शेजारच्या नानांच्या बैठकीच्या खोलीत अंटार्क्टिकातल्या एका डोंगररांगेचा नकाशा काचेच्या चौकटीत टांगलेला आहे. नाना तिथल्या तळावर वर्षभर जनरेटर सांभाळायला होते. मला त्या नकाशाचा पहिल्यापासून संशय येतो. आपल्याकडे डोंगराला नाव पडतं ते गुरं चारता चारता. कुणी मुद्दाम बसून देत नाही. तिथे ना गुरं, ना पायवाट, तरी शिखराशिखराला माणसांची आडनावं.

"ही नावं दिली कुणी?" मी विचारलं.

"जो पहिल्यांदा बघेल तो देतो. एकाने तर लांबून दिसलेल्या ढगालाच डोंगर समजून नाव देऊन टाकलं होतं," नाना म्हणाले.

"तुम्ही नाही दिलं कुठल्या डोंगराला?"

"छे," ते जरा घाईनेच म्हणाले.

जिथे हाक मारायची सोय नाही, तिथे माणूस नाव कुणासाठी ठेवत असेल? मी वाकून पाहिलं. कोपऱ्यातल्या एका बिननावाच्या टेकाडाशेजारी पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'कुसुम'.

तेवढ्यात नानांच्या पत्नी शैलाकाकू चहा घेऊन आल्या. ट्रे ठेवून त्यांनी पदराने नकाशाची काच पुसली. कोपऱ्यात जरा जास्तच वेळ.