डिझेलच्या आवाजातले किस्से

वडील भरती होते तेव्हा त्यांचा डबा घेऊन मी नालवाडीहून सावंगीच्या दवाखान्यात जायचो. एका ऑटोवाल्याचा डिझेल ऑटो ठरलेला. मी घरचे किस्से सांगत सुटायचो आणि तो आरशात बघून मान हलवायचा. असा श्रोता आमच्या घरात कोणी नव्हता!

परवा बऱ्याच वर्षांनी भेटला. ऑटो आता सीएनजीचा, ना धूर ना आवाज. मी लगेच सुरू झालो.

"भाऊ, तुमचं बोलनं आज पैल्यांदा आयकून राह्यलो," तो हसला. "डिझेलच्या आवाजात काईच आयकू नाई ये. तोंड पाहून मान हालवो. बाबा कसे हायेत आता?"

बाबा गेल्याचं मी तेव्हा त्याच्याच ऑटोत, खाली बघत सर्वांत आधी त्यालाच सांगितलं होतं.

आता पुन्हा सांगितलं. त्यानं ऑटो बाजूला घेऊन बंद केला.

"सांगा भाऊ. सावकाश सांगा."