लवंगांची मळणी

"काय सर, ज्वालामुखी पाहिला का?" असं कुणी विचारलं की मी विषय बदलतो. आज चहा तुमचा आहे म्हणून सांगतो. फक्त हसायचं असेल तेव्हा कप खाली ठेवा.

माझी बायको शोभा गेली, त्याला वर्ष होत आलं होतं. मी घराबाहेर पडत नाही म्हणून मुलगी मानसी मला बालीला घेऊन गेली. ज्वालामुखीतून वर आलेलं बेट. एक दिवस ज्वालामुखी पाहायला आम्ही गाडी भाड्यानं घेतली. तिकडंही आपल्यासारखंच डावीकडून चालवतात, म्हणून स्टिअरिंग माझ्या हाती. मानसीला शेजारी झोप लागली. कडेला काळा दगड, काळी माती. मला वाटलं, आपण आपल्या जालना-जाफराबादच्या रस्त्यालाच लागलोय. तिथंच घात झाला.

एका डोंगरातल्या गावात अर्ध्या रस्त्यावर काहीतरी तपकिरी पीक पसरलेलं. आता सांगा, आपल्याकडं तूर, उडीद रस्त्यावर कशाला टाकतात? येत्या-जात्या गाड्यांनी फुकटात मळणी व्हावी म्हणूनच ना? तिथं कडेनं गाडी काढणारा माणूसघाणा. मी चाकं बरोबर पिकावर घातली.

घरातून एक बाई हात हलवत धावत आली. किती अगत्य हे! मी गाडी मागं घेतली आणि पुन्हा सावकाश, नीट फिरवली. आता तिचे दोन्ही हात हलत होते. मी काचेतून नमस्कार केला आणि आणखी एक फेरी मारली.

मग गाडीत वास शिरला. दाढ दुखली की शोभा कापसाच्या बोळ्यावर तेल द्यायची, तो वास.

मानसी जागी झाली. "बाबा, लवंगांचा वास कुठून येतोय?"

मी ब्रेक दाबला.

बाई रस्त्यावर बसली होती. तिनं एक चुरडलेली लवंग उचलून माझ्यापुढं धरली. ओरडली नाही, तेच जास्त लागलं. मानसीनं फोन पुढं केला. फोन तिचं बोलणं मराठीत सांगू लागला, "वाळायला टाकल्या होत्या. टोक तुटलं की व्यापारी घेत नाही. वर्षाचं पीक आहे."

चाकांचे पट्टे सोडून बाकीचं वाचलं होतं. मी मांडी घालून बसलो. अख्ख्या लवंगा इकडं, चुरा तिकडं. ऊन उतरेपर्यंत आम्ही तिघं निवडत होतो. चुरा सगळा मीच विकत घेतला, तिनं भाव बरोबर लावला. ज्वालामुखी तोवर ढगात गेला होता.

निघताना तिनं मानसीला काही विचारलं. फोन म्हणाला, "यांना घरी कुणी सांगत नाही का?"

"आई सांगायची," मानसी म्हणाली.

खरंच सांगायची. "आधी इचारा, मंग मदत करा. इतकी जल्दी कशाची?"

परवा केदारखेड्याजवळ रस्त्यावर उडीद पसरलेला दिसला. मी गाडी थांबवली, उतरलो, शेतकऱ्याला हात जोडून विचारलं, "यावरून गाडी नेली तर चालेल का?"

तो माझ्याकडं पाहतच राहिला. "सकाळपासून गाड्यांचीच वाट पाहून राह्यलो, अन् तुम्ही इचारून राह्यले? कुठून आल्ते?"

"जालन्याहून."

त्यानं गाडीत वाकून पाहिलं. आत कुणी नव्हतं.

"मंग सर," तो हळूच म्हणाला, "घरच्यांनी तुम्हाला एकट्याला सोडलंच कसं?"