सिस्टरांच्या खोलीतली तालीम

कुळगावात आमच्या चाळीच्या टोकाच्या खोलीत एक निवृत्त नर्स राहायला आल्या. सगळे त्यांना सिस्टर म्हणायचे. थोड्याच दिवसांत चाळीतल्या बायका दुपारी त्यांच्याकडे जमू लागल्या आणि दार आतून बंद होऊ लागलं. सासऱ्यांना ते खटकलं. निवडणुकीची भानगड असणार, नाहीतर ही बाई घरं फोडणार, असं ते म्हणत. मलाही तसंच वाटायचं. एकटी बाई, रोज सगळ्यांना चहा पाजते, तो कशासाठी? शेवटी सासऱ्यांनीच मला बघून यायला पाठवलं.

आत सिस्टर टेबलामागे पोलिसासारख्या रेलून बसल्या होत्या. समोर आमची शेजारीण उभी. तिचा नवरा तिला मारतो, हे सगळ्या चाळीला ठाऊक होतं. सिस्टर तिच्यावर खेकसत होत्या, नवऱ्याला घेऊन ये, घरातलं घरात मिटव. ती रडायला लागली. सिस्टरांनी तिला पाणी दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लावलं. मला ते नाटकच वाटलं. हिला पुढे करून या स्वतःचं काय साधणार, याच विचारात मी परतले. सासऱ्यांना मात्र शिवण शिकवतात म्हणून सांगितलं. असं का सांगितलं, माझं मलाच कळलं नाही.

पुढे एका सकाळी शेजारीण फुटलेल्या ओठाने माझ्या दारात आली. सिस्टर डोळे तपासायला उल्हासनगरला गेल्या होत्या. मग मीच तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेले. तिथला हवालदार जवळपास सिस्टरांचंच बोलणं बोलला. शेजारणीने खुर्ची ओढली आणि बसली.

"तक्रार लिहून घ्या साहेब. तोवर मी इथून उठणार नाही."

बराच वेळ त्याने बघितलंच नाही. मग लिहून घेतलं.

आता ती मुलीला घेऊन सोनिवलीला वेगळी राहते, कामाला जाते. तरी तो संशय माझ्या मनातून जाईना, म्हणून एकदा मी सिस्टरांना सरळ विचारलं, यात तुमचं काय?

"तरुणपणी मीही पोलिसांकडे गेले होते," त्या म्हणाल्या. "काय बोलायचं ते सुचेना. फाटकातूनच परत आले."

सासऱ्यांचा संशय आता माझ्यावर आहे. दुपारी मी सिस्टरांकडे निघाले की ते गॅलरीत येऊन उभे राहतात. मी जाते.