घासलेलं नाणं

जुन्या नाण्याची किंमत कशी ठरवतात, असं तुम्ही पत्रात विचारलंत. आधी धातू पाहायचा, मग वजन, मग छाप. छापात अक्षरं किंवा आकडे वाचता आले, तर खरी किंमत त्यांचीच. आणि नाणं कधीही घासायचं नाही. हे मी बाराव्या वर्षी कर्जतच्या घरी काकांकडून शिकले. काका रेल्वेत होते, नाणी जमवत, आणि मला इंग्रजीही तेच शिकवत.

एका दुपारी जवळच्या कोंडाणे गावची एक विधवा कुणबीण ओटीवर आली. पाठीशी सात-आठ वर्षांची मुलगी. तिचा एक डोळा चिघळून मिटला होता, दुसरा लाल झाला होता. बाईने पदराची गाठ सोडून नखाएवढं नाणं दाखवलं. बांध घालताना सापडलेलं, मातीने काळं पडलेलं.

"तुमचं काका जुनं पैसं घेत्यात ना गं, बाय? पोरीला ममईच्या दवाखान्यात दावायची हाय. येक डोळा तरी वाचंल."

काका घरी नव्हते. "उद्या ये," मी म्हटलं, आणि नाक मुरडून पुढे म्हणाले, "शी, केवढं काळं आहे गं हे!"

दुसऱ्या दिवशी नाणं लखलखत होतं. घरातले देव उजळतात तसं तिने ते चिंच आणि राखेने उजळून आणलं होतं.

काका हसत सुटले. "भांडी घासायला बसली होतीस काय? अगं, सगळी किंमत घासून टाकलीस!"

"थोरामोठ्यांम्होरं काळं कसं आनायचं, दादा? ताईबी बोलल्या..."

मी खाली पाहिलं. काकांनी भिंगातून एक बाजू पाहिली. ती सपाट झाली होती. मग दुसरी बाजू पाहिली आणि त्यांचं हसू थांबलं. भिंग माझ्या हातात देत त्यांनी इंग्रजीत विचारलं, "राजाच्या डोक्यामागे आकडे दिसतात का?"

तिन्ही आकडे स्वच्छ दिसत होते. असा आकडा शाबूत असला की नाणं कोणत्या वर्षाचं ते कळतं, आणि साहेबलोक त्याचेच पैसे मोजतात, हे मला ठाऊक होतं.

"दिसतात. तिन्ही," मी इंग्रजीतच सांगितलं. उच्चार बिनचूक आला म्हणून मला आनंद झाला.

बाई माझ्या तोंडाकडे पाहत होती. "काय म्हनाल्या ताई?"

"काही उरलं नाही म्हणते," काका म्हणाले. "चांदीच्या वजनाने तीन आणे होतात. तुझी पोर आजारी आहे म्हणून चार देतो."

ती माझ्याकडेच पाहत राहिली. मी होकारार्थी मान हलवली. तिने काकांच्या पायांवर डोकं ठेवलं.

माथेरानला उतरलेल्या एका साहेबाने ते नाणं घेतलं. त्या पैशांत घरात भिंतीवरचं घड्याळ आलं, आणि मला बक्षीस म्हणून इंग्रजी कोश.

दिवाळीनंतर बाई पुन्हा आमच्या ओटीवर आली, आवळे विकायला. मुलगी तिचा पदर धरून चालत होती. दोन्ही डोळे गेले होते. माझ्या आईने विचारपूस केली, तेव्हा बाईने मुलीच्या पाठीवरून हात फिरवला.

"कुनाचा दोस नाय, बाय. देवानं हातात दिल्यालं म्याच घासून टाकलं. हिला बी मी तसंच सांगितलंय."

मुलीने मान डोलावली. आईने मला आवळे मोजून घ्यायला सांगितलं. मी मोजले. दोन कमी भरले, ते मागून घेतले.