बहिणीची सही

कुणाशी बोलायचं झालं की तो आधी हात पँटला पुसायचा. धाकट्या डहाणूच्या खाडीजवळ त्याचा बर्फाचा कारखाना होता, त्यामुळे हात कायम ओले. आणि दर दोन वाक्यांमागे, "टेन्शन नाय घ्यायचं, होतंय."

मी डहाणूत त्याच्या वकिलांकडे टायपिंग करायचो. कारखाना बुडाला, पतसंस्थेने तो गहाणाखाली ताब्यात घेऊन लिलावात विकला. त्या दिवशी हा आमच्याकडे पेढे घेऊन आला. अशा प्रसंगी पेढे वाटणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

"सुटलो," म्हणाला. "कारखाना गेला, कर्जही गेलं."

कर्ज गेलं नव्हतं. लिलावात पैसे कमी आले होते. उरलेल्या रकमेसाठी त्याच्या बोर्डीच्या चिकूवाडीवर आणि तिथल्या घरावर जप्तीची नोटीस आली.

"वाडी मी गहाण ठेवलीच नव्हती, साहेब!"

"गहाण कारखाना होता," वकील म्हणाले, "पण कर्ज तुमचं होतं. तुमच्या नावावर जे आहे, त्याला ते हात घालणारच. वाडीत आणखी कुणाचा हिस्सा?"

त्या घरात त्याची मोठी बहीण राहायची. विधवा, मूलबाळ नाही. वडील गेल्यावर तिने आपला अर्धा हिस्सा भावाला लिहून दिला होता, आपण होऊन.

"ताईने सही केली नसती तर?"

"तिचा अर्धा वाचला असता."

तो बराच वेळ कोरडे हात पुसत राहिला.

बहिणीला त्याने काहीच सांगितलं नाही. दारावर डकवलेली नोटीस घरपट्टीची आहे म्हणून ठोकून दिलं. जप्तीची माणसं आली तेव्हा वकिलांनी मला सोबत पाठवलं होतं. चिकूचे व्यापारी समजून तिने सगळ्यांना चहा केला. अधिकारी घराची मापं घेऊ लागले, तेव्हा कुठे तिला कळलं. जरा वेळाने तिने भावाला हळूच विचारलं, "माझी सही कुठं लागते का रे?"

"नाय ताई," तो म्हणाला. "ती झालीय आधीच."

वाडी विकली गेली. दोघं तळासरीत भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मी त्यांना एसटीपर्यंत सोडायला गेलो होतो. कंडक्टरने दारातच तिकिटांचं विचारलं. बहिणीनेच दोघांची तिकिटं काढली.

तिथे तो वर्षभरही जगला नाही. "वेळेवर जेवायचा, पण माझ्याकडे न बघता," असं त्याची बहीणच मला नंतर म्हणाली.