राखेतले कंद

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी शेजारणींच्या भांडणापासून सगळं सांगते.

परवा शिवरात्रीला बेळगावच्या घराखाली कुणीतरी रताळी भाजली. करपलेल्या सालीचा, राखेचा तो वास जिन्यातून वर आला आणि मी दार लावून घेतलं. अशा वासानं लोकांना लहानपण आठवतं, बरं वाटतं म्हणे. मला का नाही वाटत?

कुंभारवाडा नावाच्या गावाजवळ रानात आमचं घर. मी अकरा वर्षांची. पावसाआधी लावायचे कंद आई राखेत घोळून चुलीमागच्या टोपलीत ठेवायची. उपाशी राहिलो तरी त्यांना हात लावायचा नाही. बियाणं खाल्लं की घर खाल्लं, असं ती म्हणे. सासूनं ती टोपली सुनेच्या हवाली केली की सून घरची झाली — ही आमच्याकडची रीत. दादाच्या बायकोला, माझ्या वहिनीला, तेव्हा सहावा महिना होता. त्याच साली टोपली तिच्याकडे यायची होती.

त्या दुपारी आई-दादा शेतात, वहिनी ओहोळावर पाण्याला. आणि मी — भूक होती का मला? नाही. पोटभर जेवले होते. नुसती जिभेची हाव. तीन कंद निखाऱ्यात सारले, मिठाशी खाल्ले, साली गुरांपुढे टाकल्या.

आई आली, तिच्यामागून घागर घेऊन वहिनी. आई दारातच थांबली. वास कुठे लपतो?

"कुणी भाजलं गं?" तिनं मला विचारलं.

मी गप्प बसले असते तरी भित्रीच ठरले असते. पण मी त्याच्याही पुढे गेले. म्हणाले, "वहिनीच्या लुगड्याला वास येतोय बघ."

येतच होता. दिवसभर चुलीपुढं बसणाऱ्या बाईच्या लुगड्याला दुसरा कसला वास येणार? आईनं तिचा पदर हुंगला. पोटुशी बाई, डोहाळे लागलेले — पटायला कितीसा वेळ लागतो?

"न्हाई हो, मी न्हाई," वहिनी एकदाच म्हणाली. मग तिची नजर माझ्या काळ्या नखांवर गेली. मी हात पाठीमागे घेतले. ती पुन्हा बोलली नाही.

टोपली तिला मिळाली नाही. मिळाली कुणाला? मला! लग्न होऊन जाईपर्यंत दर साली बियाणं मी सांभाळलं. आई आल्यागेल्याला सांगायची, "पोर माझी शिस्तीची हाय. सून तेवढी खादाड." मी ऐकायची. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

आई गेली त्या साली, तेरावं झाल्यावर, वहिनीनं टोपली माझ्यापुढे आणून ठेवली. "वन्सं, ही तुमची. आईंनी मला कधी दिली न्हाई."

तेव्हा तरी सांगायचं ना? मी टोपली उचलली, तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "आता तू सांभाळ." मोठ्या मनानं दिल्यासारखी दिली — जी तिचीच होती. तिची मुलगी शेजारी उभी होती. "आत्याचं मन मोठं हाय," म्हणाली.

वहिनीनं एकदा माझ्या हातांकडे पाहिलं आणि टोपली घेतली.